कारखाना चालवणारा माणूस राज्य चालवू शकतो का? लुईस फेर्रे यांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या थोरल्या भावांचा यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे, दीडशे माणसं कामाला आहेत आणि आता त्यांना नगराध्यक्षपदाची निवडणूक लढवायची आहे. कुणीतरी त्यांना पोर्तो रिकोच्या लुईस फेर्रे यांचा दाखला दिला: सिमेंटचा कारखानदार गव्हर्नर झाला, त्याने अख्खं बेट चालवलं. तेव्हापासून दादा म्हणतात, 'कारखाना चालवलाय, गाव चालवायला काय लागतं?' फेर्रे यांच्या आयुष्यातून खरंच असं निघतं का, हे तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर 'चालवू शकतो की नाही' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. उद्योगात अंगी बाणलेली कुठली सवय सरकारात कामी येते आणि कुठली आडवी येते, हे बघायला हवं. मी बावीस वर्षं साखर कारखान्यांसाठी ओतकाम करणारी फौंड्री चालवली. २०१६ साली नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचे ठरले, तेव्हा मी उभा राहिलो आणि निवडून आलो. सभागृहात बहुमत मात्र समोरच्यांचं होतं. त्या पाच वर्षांत फेर्रे यांच्याबद्दल मिळेल ते मी वाचत गेलो, कारण त्यांची आणि माझी अडचण एकाच जातीची होती.

आधीच सांगतो, दादांनी उभं राहावं की नाही याचं उत्तर फेर्रे यांच्या चरित्रात मिळणार नाही. धंद्यात दुसरा भरवशाचा हात आहे का, घरच्यांची तयारी आहे का, कारखान्याचा नगरपालिकेशी काही व्यवहार आहे का, यावर ते ठरेल. दाखला नीट कसा वाचायचा, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट पदाची. 'गव्हर्नर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजभवन येतं. पोर्तो रिकोचा गव्हर्नर तसा नसतो, तो लोकांनी निवडलेला असतो आणि अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडं मोठं. १८९८च्या युद्धात ते स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. १९१७मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. मात्र बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत देता येत नाही आणि काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, त्यांच्या प्रतिनिधीला कायद्यावर अंतिम मतदानाचा हक्क नाही. गव्हर्नरही आधी वॉशिंग्टनहून नेमला जायचा. लोकांनी स्वतः निवडलेला पहिला गव्हर्नर म्हणजे लुईस मुन्योस मारिन, निवडणूक १९४८ची. पोर्तो रिकोने अमेरिकेचं पूर्ण घटक राज्य व्हावं, हा फेर्रे यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. हे नीट धरून ठेवा, कारण ते राजकारणात आले ते यासाठी. कारखाना चांगला चालला म्हणून आले नाहीत.

आता कारखाना. फेर्रे यांचा जन्म १९०४चा, दक्षिण किनाऱ्यावरच्या पोन्से शहरातला. भोवताली ऊस आणि साखर कारखाने. वडील आंतोनियो यांनी १९१८मध्ये तिथे 'पोर्तो रिको आयर्न वर्क्स' ही फौंड्री काढली आणि तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने. हे वाचलं तेव्हा मला थेट आमचं उद्यमनगर, म्हणजे आमची कारखान्यांची वसाहत, दिसलं. साखर कारखान्याचा हंगाम संपला की ऑफ सीझनमध्ये ऊस पिळणारा सात-आठ टनांचा झिजलेला रोलर ट्रकवरून येतो, फौंड्रीच्या दारात उतरतो आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो परत बसवून द्यायचा असतो. तिथे 'बघू, पुढच्या महिन्यात' चालत नाही. एक दिवस चुकला तर तिकडे ऊस वाळतो. या धंद्यात वाढलेल्या माणसाला दोन सवयी लागतात, तारीख पाळायची आणि शब्द एकाच माणसाचा चालवायचा. दोन्ही पुढे येणार आहेत.

लुईस अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात शिकले. १९२४मध्ये पदवी, १९२५मध्ये पदव्युत्तर पदवी, विषय अभियांत्रिकी. बॉस्टनमध्ये त्यांनी पियानोचं रीतसर शिक्षणही घेतलं आणि तो म्हातारपणापर्यंत वाजवला. परत येऊन भावांबरोबर घरचा व्यवसाय वाढवला. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पोन्से सिमेंट उभी राहिली. युद्धाचे दिवस होते, अमेरिकेचे लष्करी तळ बांधले जात होते, सिमेंटला मागणी भरपूर.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग बहुतेक लोक सोडून देतात. मुन्योस मारिन यांच्या पक्षाच्या सरकारने त्याच काळात स्वतःचे कारखाने काढले होते: सिमेंट, काच, पुठ्ठा, विटा आणि मातीचे पाइप. त्यांतले काही तोट्यात होते, संप चालू होते. सरकारी विकास कंपनीचे प्रमुख तेओदोरो मोस्कोसो यांनी धोरण बदललं. सरकारने कारखाने चालवण्यापेक्षा करमाफी देऊन बाहेरचं भांडवल आणावं, असं ठरलं. १९५०मध्ये हे कारखाने विकायला काढले आणि ते घेतले फेर्रे कुटुंबाने, सुमारे एक कोटी डॉलरला. बेटावरचे दोन्ही सिमेंट कारखाने आता एकाच घराकडे आले. पुढची अठरा वर्षं मुन्योस यांच्या पक्षाच्या राजवटीत रस्ते, शाळा, घरं, धरणं बांधली गेली, ती बऱ्याच अंशी फेर्रे यांच्या सिमेंटने. ज्या पक्षाविरुद्ध ते दर चार वर्षांनी उभे राहत होते, त्याच पक्षाच्या विकासकामांवर त्यांचा धंदा वाढला.

यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. त्यांनी पैसे मोजले आणि तोट्यातले कारखाने चालते केले. त्याला अक्कल लागते. पण 'सरकार एका बाजूला आणि स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला उद्योजक दुसऱ्या बाजूला' हे चित्र त्यांच्या बाबतीत खरं नाही. आपल्याकडेही नाही. माझ्या फौंड्रीची निम्मी कामं सहकारी साखर कारखान्यांची होती. ते सरकारी हमीवर कर्ज घ्यायचे, म्हणून माझी बिलं निघायची. दादांच्या वहीतही असं काही सापडेल. ते आधी स्वतःशी मान्य करायला सांगा.

आता राजकारण. फेर्रे यांच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही की ते हरले, खूप वेळा हरले. १९४०मध्ये पोन्सेच्या महापौरपदासाठी हरले. १९४८मध्ये वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधीच्या जागेसाठी हरले. मध्यंतरी १९५१-५२च्या घटना समितीत बसले, १९५२मध्ये कनिष्ठ सभागृहात निवडून आले. मग गव्हर्नरपदासाठी १९५६मध्ये २५ टक्के मतं, १९६०मध्ये ३२ टक्के, १९६४मध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास. तीनही वेळा पराभव. आकडे नीट बघा. दर खेपेला मतं वाढत होती. कारखानदार या नात्याने त्यांनी पैसा ओतला असेलच, पण नुसत्या पैशाने असा जिना चढत नाही. दर चार वर्षांनी गावोगाव जाऊन तीच गोष्ट सांगणारा माणूस लोकांच्या ओळखीचा होतो, त्याचं हे फळ.

आणि तरीही १९६८चा विजय केवळ त्यांच्या कष्टाचा नव्हता. १९६७मध्ये बेटाच्या दर्जावर, म्हणजे अमेरिकेशी त्याचं नातं काय असावं यावर, सार्वमत झालं. फेर्रे यांच्या जुन्या पक्षाने त्यावर बहिष्कार टाकला. त्या पक्षाचे नेते मिगेल आंखेल गार्सिया मेंदेस म्हणजे फेर्रे यांचे साडू. फेर्रे यांनी साडूंचं ऐकलं नाही, वेगळा गट करून प्रचार केला आणि घटक राज्याच्या बाजूने ३९ टक्के मतं मिळवली. सार्वमत हरले, पण ते ३९ टक्के हातात घेऊन त्याच वर्षी नवा पक्ष काढला. पुढच्या वर्षी समोरच्या पक्षात फूट पडली. मुन्योस यांनीच पुढे आणलेले गव्हर्नर सांचेस विलेया यांचं पक्षाशी बिनसलं, उमेदवारी नाकारली गेली आणि ते दुसऱ्या चिन्हावर उभे राहिले. फेर्रे यांना सुमारे ४४ टक्के, समोरच्या अधिकृत उमेदवाराला ४१, आणि सांचेस विलेयांना दहाच्या आसपास. बेरीज करून बघा. ते दोघं एक राहिले असते तर फेर्रे चौथ्यांदा हरले असते. २८ वर्षांची सत्ता गेली ती अशी. सांचेस विलेयांची फूट फेर्रे यांच्या हातात नव्हती. फूट पडली त्या दिवशी तयार उभं असणं हातात होतं आणि ते त्यांनी २८ वर्षं सांभाळलं होतं.

२ जानेवारी १९६९ला शपथ झाली. कनिष्ठ सभागृह त्यांच्या पक्षाकडे, सिनेट म्हणजे वरिष्ठ सभागृह मात्र विरोधकांकडे. सिनेटचे अध्यक्ष होते राफाएल एर्नांदेस कोलोन, तेही पोन्सेचेच, वयाने फेर्रे यांच्या मुलासारखे. म्हणजे कारखान्यात ज्याच्या एका शब्दावर भट्टी पेटायची, त्याच्या प्रत्येक प्रस्तावावर आता आपल्याच गावचा एक तरुण वकील बसलेला.

माझा अनुभव सांगतो, म्हणजे हे कागदावरचं राहणार नाही. आमच्या गावची पाण्याची मुख्य लाइन बिडाची, पन्नास वर्षांपूर्वीची. बिड हा माझा विषय. गळतीचे नकाशे काढले, मुख्याधिकाऱ्यांना बरोबर घेऊन अंदाजपत्रक केलं आणि सर्वसाधारण सभेत गंजलेल्या पाइपचा हातभर तुकडा टेबलावर ठेवून पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. विषय तहकूब. पुढच्या सभेत पुन्हा तहकूब. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मी विरोधी गटनेत्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, पाइप कुठली घालायची ते तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. पण खोदाई कुठल्या प्रभागात आधी आणि कुठल्या प्रभागात गणपतीनंतर, हे तुम्ही कुणाला विचारलंत?" मी कुणालाच विचारलं नव्हतं. फौंड्रीत ते विचारायची गरजच नसते, क्रम मालक ठरवतो. पुढचे दोन महिने सगळ्या नगरसेवकांबरोबर प्रभागवार बसलो. ठराव एकमताने झाला. पहिल्या सभेपासून चौदा महिने लागले.

या नजरेने फेर्रे यांची चार वर्षं पाहिली की बरंच उलगडतं. जिथे दोन्ही बाजूंना होकार देणं सोयीचं होतं, तिथे काम झालं. जून १९६९मध्ये नाताळच्या बोनसचा कायदा झाला. खासगी मालकांनी कामगारांना वर्षअखेरीस बोनस द्यायचा, हे बंधन आलं. स्वतः कारखानदार असलेल्या गव्हर्नरने मालकांवर हे बंधन घालावं, याचं मला विशेष वाटतं. आपल्याकडे बोनसचा कायदा १९६५चा आहे आणि दिवाळीच्या तोंडावर मालकवर्ग काय बोलतो ते मी असोसिएशनच्या बैठकांत ऐकलंय. दुसरं काम मतदानाचं वय २१वरून १८वर आणण्याचं. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती हवी होती आणि तिला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, वर सार्वमत. विरोधकांना बरोबर घेतल्याशिवाय हे होणं शक्यच नव्हतं. नोव्हेंबर १९७०मध्ये ते झालं. अमेरिकेत हा हक्क देशभर मिळाला तो त्यानंतर, १९७१मध्ये.

जिथे तडजोडीला जागा नव्हती, तिथे गाडी अडली. १९७०-७१मध्ये विद्यापीठात लष्करी प्रशिक्षणावरून दंगली झाल्या, माणसं मेली. कुलेब्रा या छोट्या बेटावर अमेरिकेचं नौदल तोफांचा सराव करायचं, त्याविरुद्ध लोक उठले. मुख्य स्वप्नाचं काय झालं? पोर्तो रिकोच्या लोकांना निदान अध्यक्षासाठी मत मिळावं म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासोबत त्यांनी सल्लागार गट नेमला. १९७१मध्ये अहवालही अनुकूल आला. पुढे काही झालं नाही. ते मत आजही नाही.

याच काळात, मार्च १९७०मध्ये, त्यांच्या पत्नी लोरेन्सा गेल्या. मग गव्हर्नरच्या घरातली यजमानीण म्हणून जबाबदारी मुलगी रोसारियोने सांभाळली, आणि ही मुलगी वडिलांच्या अगदी उलट मताची, बेट स्वतंत्र व्हावं असं मानणारी. पुढे ती मोठी लेखिका झाली. एका ताटात जेवणाऱ्या बापलेकींचं एवढ्या मूलभूत प्रश्नावर पटत नव्हतं आणि घर तरी टिकलं. दादांच्या घरात काय होईल याचा अंदाज तुम्हालाच जास्त.

१९७२ला फेर्रे हरले. हरवलं कोणी? सिनेटमधल्या त्याच एर्नांदेस कोलोन यांनी. विरोधी बाकांवर बसलेला माणूस चार वर्षं तुमची प्रत्येक फाइल वाचत असतो, हे दादांना जरूर सांगा.

हितसंबंधांचं बोलायलाच हवं. बेटावरचं सिमेंट ज्या घराचं, त्याच घरचा माणूस रस्ते मंजूर करणार. लोकांनी शंका घेतली तर त्यांची चूक नाही. फेर्रे कुटुंबाकडे पोन्सेचं 'एल दिया' हे दैनिकही होतं, १९४८मध्ये विकत घेतलेलं. गव्हर्नर होण्याच्या सुमाराला ते मुलाने, आंतोनियो लुईस यांनी, वडिलांकडून घेतलं, राजधानी सान हुआनला नेलं आणि 'एल नुएवो दिया' या नावाने ते बेटावरचं प्रमुख दैनिक झालं. मालकी मुलाकडे गेली म्हणजे अंतर पडलं का? माझं मत, कायद्याने पडतं, लोकांच्या मनात पडत नाही. आपल्या नगरपालिका कायद्यात तर पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला तर पदच जातं. मी अर्ज भरण्याआधी पालिकेला ढापे आणि व्हॉल्व्ह पुरवणं बंद केलं, पुतण्याच्या नावानेही केलं नाही. वर्षाला काही लाखांचं काम गेलं. पण पाच वर्षांत त्या एका बाबतीत कुणाला बोट दाखवता आलं नाही. दादांचा पालिकेशी एक रुपयाचाही व्यवहार असेल तर तो निवडणुकीच्या आधी संपवा. 'बघू नंतर' म्हणू नका.

हरल्यावर फेर्रे घरी बसले नाहीत, हेही बघा. ते पुन्हा निवडून आले आणि १९७७ ते १९८० सिनेटचे अध्यक्ष होते. ज्या खुर्चीने त्यांना चार वर्षं अडवलं, त्याच खुर्चीवर बसले. १९९१मध्ये त्यांना अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. पोन्सेच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या त्यांच्या नन असलेल्या बहिणीला, इसोलिना यांना, तेच पदक १९९९मध्ये मिळालं. २००२मध्ये घराण्याची सिमेंट कंपनी मेक्सिकोच्या सिमेक्सने घेतली. २१ ऑक्टोबर २००३ला, वयाच्या ९९व्या वर्षी ते गेले. सान हुआन ते पोन्से महामार्गाला आज त्यांचं नाव आहे.

एक शेवटचं, जे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा चार दिवस काढून पोन्सेला जाऊन आलो. तिथलं कलासंग्रहालय फेर्रे यांनी १९५९मध्ये, म्हणजे गव्हर्नर होण्याच्या दहा वर्षं आधी, स्थापन केलं. आधी गावातल्या एका घरात, मग १९६५पासून वास्तुविशारद एडवर्ड ड्युरेल स्टोन यांच्या इमारतीत. षट्कोनी दालनं, कोपऱ्यांतून उजेड आत येतो. तिथे फ्रेडरिक लेटन यांचं १८९५च्या सुमाराचं चित्र आहे: भगव्या-नारिंगी वस्त्रातली झोपलेली स्त्री, मागे चकाकणारा समुद्र. १९६३मध्ये लंडनमध्ये फेर्रे यांनी ते २,००० पौंडांना घेतलं. त्या काळात अशी चित्रं कुणी विचारत नव्हतं. मी समोर उभा होतो तेव्हा शाळेची एक तुकडी आली. पोरं जमिनीवर बसली आणि वह्यांत ते नारिंगी रंगवू लागली. जानेवारी २०२०च्या भूकंपात इमारतीला तडे गेले, मग ते चित्र न्यूयॉर्क आणि लंडनच्या मोठ्या संग्रहालयांना काही काळ दाखवायला दिलं गेलं.

या कामाला त्यांना सिनेटचा ठराव लागला नव्हता, कुणाची मतंही लागली नव्हती. माणूस पदावर नसताना गावासाठी काय करतो, ते मी दादांच्या जागी असतो तर आधी तपासलं असतं. तुम्ही लिहिलंय की दादांनी कारखान्याशेजारी आयटीआयच्या मुलांसाठी सहा वर्षं शिकाऊ वर्ग चालवलाय, फी न घेता. ही माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता दिलीत. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रात तीच सगळ्यात वजनाची आहे.

तर असं करा. निवडणुकीला अजून अवकाश आहे. पालिकेच्या सर्वसाधारण सभा लोकांना बसून ऐकता येतात. दादांना पुढच्या सहा सभांना मागच्या खुर्चीवर बसवा, हातात विषयपत्रिका द्या. कुठला विषय कुणी तहकूब केला आणि का, ते त्यांनी स्वतः लिहून काढावं. सहावी सभा झाल्यावरही उभं राहायची इच्छा असेल तर मला पुन्हा लिहा. अंदाजपत्रक कसं वाचायचं ते मी त्यांच्यासोबत बसून दाखवेन.